प्रिन्सिपलच्या शेवटची दोन अक्षरं

अब्बांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि सोमाटण्यापासून वडगावपर्यंत जुन्या हायवेवरच्या निम्म्या इंग्रजी पाट्या अब्बांच्या हातच्या होत्या. आज हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. मराठी चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे मराठी पाटी ते वाचून रंगवायचे. इंग्रजी मात्र बघून रंगवायचे, एखादा घोडा किंवा आंब्याचं झाड बघून काढावं तशी. सव्वीस अक्षरांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. एस म्हणजे साप. ओ म्हणजे बांगडी. ए ही शिडी, आय हा दांडा, एल ही काठी, ई ही फणी, टी ही खुंटी आणि एच म्हणजे खाट. एम म्हणजे लोहगड-विसापूर, कारण आमच्या भागात दोन शिखरं शेजारी-शेजारी म्हटली की दुसरं काही सुचतच नाही. हॉटेलवाला आला की अब्बा पत्र्यावर खडूच्या दोरीनं सरळ रेघ मारून पुटपुटायचे, ‘खाट, बांगडी, खुंटी, फणी, काठी,’ आणि बघता बघता पत्र्यावर असं देखणं ‘हॉटेल’ उभं राहायचं की इंग्रजी शाळेत शिकलेला माणूसही ट्रक बाजूला घेऊन विचारायचा, हा पेंटर कोण?

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक गोणपाटाचा पडदा. त्या पडद्यातून टर्पेंटाइनचा वास थेट चुलीपर्यंत जायचा. पहिली वाफ धरलेला इंद्रायणीचा भात, त्यावर आईची सुक्या बोंबलाची चटणी आणि त्या सगळ्यावर टर्पेंटाइन, असा आमच्या जेवणाचा वास होता. मी पहिल्यांदा मैत्रिणीकडे जेवले तेव्हा भाताला नुसताच भाताचा वास आला आणि मला तो अळणी वाटला. आमच्याकडे अब्बा आणि आई अशीच जोडी होती. अम्मी म्हणायची पद्धत पुण्याच्या मावशीकडे. दिवसभर चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकांची घरघर आणि डब्यात रंग ढवळणाऱ्या काठीची टकटक ऐकू यायची. टकटक थांबली की आई आतून ओरडायची, ‘झालं का? का नुसतं बगत बसलाय?’ अब्बा खरंच बघत बसलेले असायचे. अक्षर काढून झालं की ते दोन पावलं मागे सरायचे, एक डोळा मिटायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

मी पाचवीत असताना एका गवळ्याने दुधाच्या टेम्पोवर नाव रंगवून घेतलं. ‘डेअरी’ लिहायचं होतं. गवळ्यानं तोंडी सांगितलं, कुणीतरी कागदावर उतरवून दिलं आणि अब्बांनी टेम्पोच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीची ‘डायरी’ रंगवली. चार दिवस टेम्पो तसाच फिरला. मग तळेगावात एका गिऱ्हाइकानं गवळ्याला विचारलं, ‘काय हो, दूध देता का वह्या?’ गवळी टेम्पो घेऊन दारात हजर. मी शाळेतून नुकतीच आले होते. मी शब्द बघितला आणि म्हटलं, ‘अब्बा, दांडा आधी आलाय. शिडी आधी पाहिजे, मग दांडा. ए आणि आय. आई.’ आई पडद्यातून बाहेर आली आणि भलतीच खूश झाली. ‘मंग बरोबरच हाय. दुधात आई आदी येनार, वहीत कशाला यील?’ त्या दिवसापासून दोन नियम झाले. एक, गिऱ्हाइकाच्या सहीचा कागद असल्याशिवाय ब्रश भिजवायचा नाही. दोन, पाटी वाळायच्या आत मी ती वाचायची.

दुसरा नियम माझ्या डोक्यात गेला. दुकानात येणारी मोठमोठी माणसं मला विचारून शब्द नक्की करायची, आणि मी कमरेवर हात ठेवून सांगायची. ‘लूज’ सैल असेल तर दोन बांगड्या, हरवलं असेल तर एक, कारण दुसरी हरवली. ‘डेझर्ट’ खायचं असेल तर दोन साप, वाळवंटात एकच, तिथं दुसऱ्याला खायला काय मिळणार? ‘स्टेशनरी’ वह्या-पेनांची असेल तर शेवटाकडे फणी, आणि नुसती एका जागी उभी असेल तर तिथं शिडी लावून ठेवलेली. अब्बा मान डोलवायचे. त्यांना त्यातलं कळायचं की माझ्याकडे बघून ते नुसतेच हसायचे, हे मला तेव्हा कळत नव्हतं. परवा भाच्यानं फोनवर इंग्रजीत निरोप धाडला, की आम्ही आता बाणेरला राहतोय. ‘लिव्हिंग’ लिहायचं तिथे त्यानं ‘लीव्हिंग’ लिहिलं होतं, म्हणजे सोडून चाललोय. मी अर्धा दिवस काळजीत. मग फोन करून त्याला झापलं. साठी उलटली तरी ती सवय गेलेली नाही.

हा सगळा शब्दांचा माल मला मिळायचा हेडसरांकडून. आमच्या शाळेचे हेडसर इंग्रजी शिकवायचे आणि, आता सांगायला हरकत नाही, फार चांगलं शिकवायचे. रोज फळ्यावर ते दोन जुळे शब्द लिहायचे, दिसायला किंवा ऐकायला सारखे, आणि त्यांचा फरक आमच्या डोक्यात कायमचा ठोकायचे. पण त्यांना एक खोड होती. कुणी चुकलं की ती चूक ते वर्गात वाचून दाखवायचे, नाटकातल्यासारखी. नववीत ‘माझे वडील’ असा निबंध होता. मी लिहिलं, ‘माय फादर इज अ पेंटर.’ म्हणजे लिहायचं तसंच होतं, पण घाईत मधला दांडा गळला. सरांनी वही उचलली, चष्मा सरळ केला.

‘माय फादर इज अ पँटर,’ ते वाचत म्हणाले. ‘शमा, एक एच घालायचा विसरलीस का? पँथर म्हणायचंय का तुला? कुठल्या जंगलात असतात तुझे वडील?’

वर्गात हशा फुटला. मधल्या सुट्टीत मुलं माझ्यामागून गुरगुरत चालू लागली. आठवड्याभरात मी अख्ख्या शाळेत ‘बिबट्याची पोरगी’ झाले. माझी मैत्रीण सुनंदा, तिच्याशी मी डबा वाटून खायचे, तीसुद्धा एकदा चुकून गुरगुरली आणि मग रडली. मी रडले नाही. मी वाट बघायचं ठरवलं.

वाट फार बघावी लागली नाही. त्याच वर्षी शाळेला अकरावी-बारावी जोडली गेली, गावानं हातभार लावून नवी इमारत उभी केली आणि हेडसरांचे प्रिन्सिपल झाले. त्यांना त्या शब्दाचं इतकं कौतुक होतं की एका सकाळी त्यांनी तोच फळ्यावर घेतला. ‘प्रिन्सिपल दोन असतात,’ ते म्हणाले. ‘एक म्हणजे तत्त्व. त्याच्या शेवटी एल-ई. दुसरा म्हणजे शाळेचा प्रमुख. त्याच्या शेवटी ए-एल. प्रमुखाच्या शेवटची तीन अक्षरं बघा, पी-ए-एल. काय होतं?’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘पाल!’ त्या दिवशी पहिल्यांदा वर्ग सरांना हसला, आणि तो शब्द शाळेतला एकही मुलगा जन्मात चुकणार नाही अशी सोय झाली. मी तर नाहीच.

मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नव्या इमारतीच्या पाट्या अब्बांकडूनच करून घ्यायच्या होत्या. ‘लिहून घे,’ म्हणाले. ऑफिस, लायब्ररी, लॅबोरेटरी, स्टाफ रूम. आणि सागवानी फळीवर, सोनेरी अक्षरांत, प्रिन्सिपल. मी वहीच्या कागदावर एकेक शब्द लिहीत गेले. शेवटच्या शब्दाच्या शेवटाला आले आणि माझ्या हातानं काठी आणि फणी काढली. हातानं म्हणते, पण डोक्याला ते पुरतं ठाऊक होतं. कागद मी सरांपुढे सरकवला. छातीत ट्रक चढावर लागल्यासारखी घरघर. सर वाचतील, ओरडतील, मी म्हणेन चुकलं, आणि संपेल, असं मी मनाशी धरलं होतं. सरांचं लक्ष शिपाई चहा आणतो का याकडे. त्यांनी सही ठोकली, खाली दोन टिंबं दिली आणि म्हणाले, ‘अब्बांना म्हणावं, घाई नको. काम सुबक पाहिजे.’

अब्बांनी घाई केली नाही. त्यांना त्या पँथरचं काही माहीत नव्हतं. मी घरी सांगितलंच नव्हतं. ‘तुज्या सरांचं काम हाय,’ ते म्हणाले आणि बाकी गिऱ्हाइकं थांबवून चार दिवस ती एक फळी करत बसले. फळी घासली, अस्तर दिलं, पुन्हा घासली. सोनेरी रंगाला काळी सावली, सावलीला तांबूस कड. नऊ अक्षरं, एकेक असं गुबगुबीत की हात फिरवावासा वाटावा. मी रोज शाळेतून येऊन बघायची आणि रोज माझा खोडसाळपणा थोडा आंबट व्हायचा. ‘फणी’ काढायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. चौथ्या दिवशी ते मागे सरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, ‘बग गं शमे. बरोबर हाय ना?’

मी वाचलं. पाटी ओलीच होती. फडक्याच्या एका फटक्यात दोन अक्षरं गेली असती.

‘व्हय,’ मी म्हटलं.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पुण्याहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. आम्ही मुली नऊवारी नेसून दारात ओवाळायला, अब्बा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत, सरांच्या कोटाला गुलाब. मला वाटलं होतं दारातच हशा पिकेल. कुठलं काय! मंडळी केबिनच्या पाटीपुढे थांबत होती, ‘वा, काय अक्षर आहे,’ म्हणत होती आणि पुढे सरकत होती. गावचे पुढारी, बाकीचे शिक्षक, कुणाच्या लक्षातच येईना. इतकी मोठी गंमत मी एकटीच बाळगून होते आणि मला ती पचेना. शेवटी बाई आल्या. थांबल्या. वाचलं. पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘खोलीच्या दारावर तत्त्व लिहून ठेवणारी शाळा मी पहिल्यांदाच बघतेय.’

सर फुलून आले. ‘थँक यू मॅडम,’ म्हणाले. ‘आमची शाळा आहेच तत्त्वाची.’ आणि टाळ्या पडल्या. अब्बांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

बाईंची गाडी हायवेला लागल्यावर सर पाटीपुढे उभे राहिले. ते नेमके किती वेळ उभे होते ठाऊक नाही, पण आम्ही घरी पोचून अब्बांनी सदरा काढून खुंटीला लावला तोवर सरांची स्कूटर दुकानापुढे होती. गुलाब अजून कोटालाच होता.

‘पेंटर!’ ते ओरडले. ‘लाज घालवलीत माझी! हेडमास्तराला प्रिन्सिपल लिहिता येत नाही, असं आता पुण्यापर्यंत होईल. स्पेलिंग येत नाही तर काम घ्यायचं कशाला? अडाणी माणसाला काम दिलं, माझंच चुकलं.’

अब्बा शांत होते. त्यांच्याकडे कागद होता ना. ‘थांबा सर,’ ते म्हणाले. ‘कागदावर हाय तसंच काडलंय मी.’ त्यांनी फळीवरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली घेतला, त्यात ते सगळे सह्यांचे कागद ठेवायचे. झाकण उघडता उघडता त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी नऊवारीत, पडद्याला धरून, जमिनीकडे बघत उभी. इंग्रजी वाचता येत नसलं तरी त्यांना मी वाचता येत होते. झाकण त्यांनी परत दाबून बसवलं. डबा जागेवर ठेवला.

‘कागद न्हाई सापडत, सर,’ ते म्हणाले. ‘माजीच चूक. हात चुकला.’

हात चुकला! ज्या माणसाचा हात वीस वर्षांत चुकला नव्हता, गवळ्याच्या टेम्पोवरसुद्धा शब्द चुकला होता पण अक्षर नाही, तो माणूस माझ्यासाठी म्हणत होता, हात चुकला. मला काय झालं सांगता येत नाही. मी स्टुलावर चढले, डबा काढला, कागद शोधला आणि सरांच्या हातात दिला. ‘मी लिहिलंय,’ म्हटलं. ‘मुद्दाम लिहिलंय. तुम्ही माझ्या अब्बांना पँथर म्हणालात. सगळी शाळा माझ्यामागं गुरगुरते.’

अब्बांना पँथर म्हणजे काय तेच कळेना. ‘काय म्हनाले?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ‘बिबट्या.’ अब्बांनी स्वतःच्या रंगानं माखलेल्या बनियनकडे एकदा बघितलं. सर कागदाकडे बघत होते. कागदावर काठी होती, फणी होती, आणि त्यांच्या खाली दोन टिंबांची झोकदार सही होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही तिथेच होती.

आईनं पडदा बाजूला करून चहाचा कप पुढे ठेवला. ‘घ्या सर, गार व्हतोय,’ ती म्हणाली, आणि मग अगदी साळसूदपणे, ‘सर, सही कराच्या आदी वाचावं लागतं का हो? मला लिवता-वाचता न्हाई येत, म्हनून आपलं इचारलं.’

सरांचे कान लाल झालेले मी त्या एकाच दिवशी पाहिले. ते बाकावर बसले. चहा पूर्ण प्याले. बाहेर एक ट्रक चढाला कुंथत होता.

‘पेंटर,’ शेवटी ते हळू म्हणाले, ‘तुम्हाला अडाणी म्हणालो, ते मागे घेतो.’

‘मागं कशाला घेता? हायेच मी अडानी,’ अब्बा म्हणाले. ‘म्हनून तर पोरगी मला फशिवती. त्यापरास मलाच शिकवा. ह्या शिड्या-काठ्या लय झाल्या.’

सर हो म्हणाले. त्यांच्याकडे नाही म्हणायला जागाही नव्हती, आईचा हात अजून पडद्यावरच होता.

माझी शिक्षा अब्बांनी ठरवली. रविवारी बंद शाळेत ते मला घेऊन गेले, फळी उतरवली, माझ्या हातात पॉलिश पेपर दिला आणि पायरीवर जाऊन पाठमोरे बसले. काठी आणि फणी मी घासून काढली. चार दिवसांचं काम घासताना बोटांना फोड आले. मग शिडी काढली, मग काठी. माझी शिडी जरा लुळी आणि काठी कलती. अब्बांनी येऊन बघितलं आणि तशीच ठेवली. ‘सरांना रोज दिसू दे,’ म्हणाले, ‘आन् तुलाबी.’

सरांनी त्यांच्या बाजूनं एक केलं. सोमवारी वर्गात त्यांनी खडूचा डबा उघडून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘शमाचे वडील आता माझे विद्यार्थी आहेत. ज्याला गुरगुरायचंय त्यानं आधी फळ्यावर त्यांच्यासारखा एक एस काढून दाखवावा.’ सात-आठ पोरं उठली. फळ्यावर गांडूळं, शेवया, तुटका दोर, सगळं उमटलं, एस काही उमटला नाही. गुरगुरणं पार थांबलं असं नाही, पण त्यातली मजा गेली.

शनिवारी अर्धी शाळा सुटली की सरांची स्कूटर दुकानापुढे लागायची. आई चहा ठेवायची, अब्बा पाटी-पेन्सिल घेऊन बाकावर मांडी घालायचे आणि मी पडद्याआडून ऐकायची. अब्बांसारखा भांडकुदळ विद्यार्थी सरांना मिळाला नसेल. ‘के बोलतच न्हाई तर लिवायचा कशाला? रंग फुकट जातो.’ ‘क्वाइट म्हंजे गप, आन् क्वाइट म्हंजे बऱ्यापैकी?’ ‘नाही नाही, एक क्वायेट, एक क्वाइट.’ ‘तेच म्हनलं मी.’ सर हताश होऊन हसायचे. ते हसतात हे आम्हा मुलांना माहीतच नव्हतं. अब्बा आठवडाभर ब्रश चालवता चालवता ओठ हलवायचे, आणि हळूहळू त्या पुटपुटण्यातून खाट, खुंटी, बांगडी अशी एकेक वस्तू कमी होत गेली.

या सगळ्या महिन्यांत अब्बांनी मला एकदाही पाटी वाचायला बोलावलं नाही. ओली पाटी घेऊन ते शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारायला जायचे, त्याला माझ्या निम्मंही येत नव्हतं. मी उगाच दुकानात घुटमळायची, कमरेवर हात ठेवायला काही कारण मिळतंय का बघत.

मग घोरावाडी स्टेशनाजवळच्या एका गॅरेजवाल्यानं पाटी करायला दिली. दुपारी मी शाळेतून आले तर अब्बा जेवायला आत गेलेले, पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला, रंग चकचकीत ओला. शेजारी गॅरेजवाल्याचा सहीचा कागद. मी कागद वाचला, पत्रा वाचला आणि माझ्या अंगात आनंदाची लहर गेली. कागदावर होतं ‘ब्रेक’, बी-आर-ई-ए-के. पत्र्यावर अब्बांनी काढलं होतं, बी-आर-ए-के-ई. फणीची जागा चुकली होती! मी पडदा उडवत आत धावले.

‘अब्बा, चुकलं! कागदावर बघा आणि पत्र्यावर बघा!’

अब्बा भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘कागद चुकलाय,’ ते म्हणाले. ‘गाडी थांबती तो ब्रेक मी काडलाय. त्येनं लिवलाय तो मोडायचा.’

मी परत बाहेर आले. पाटी पुन्हा वाचली, अक्षर अक्षर, क्लच प्लेटपासून खाली फोन नंबरापर्यंत. एक चूक सापडेना. आत आई खदखदून हसत होती आणि अब्बा तिला शांतपणे चटणी मागत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जेवण झाल्यावर.